एक 'च' कमी करू या

यवतमाळात दवाखाना सुरू करून मला पंचवीसहून अधिक वर्षे झाली. या काळात मुलांचा अभ्यास, हट्ट आणि मोबाइल यांबाबत कित्येक आईवडिलांना मी उपदेश केला. माझी दोन्ही मुले शिक्षणासाठी पुण्याला गेली, तेव्हा पालकत्वाचा धडा आपल्यापुरता संपला, असे मी गृहीत धरले. म्हणूनच गेल्या वर्षी पत्नी रात्रीच्या जेवणानंतर डॉ. आनंद नाडकर्णी यांची पालकत्वावरील व्याख्याने ऐकू लागली, तेव्हा मी वर्तमानपत्र चाळत ती अर्धवटच ऐकत असे.

डॉ. नाडकर्णी हे मनोविकारतज्ज्ञ. ठाण्याची 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था त्यांनी १९९० साली स्थापन केली. त्यांच्या मांडणीला विवेकनिष्ठ मानसोपचाराचा आधार आहे. ही पद्धती अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचे सार सोपे आहे. आपण अस्वस्थ होतो ते केवळ घटनेमुळे नव्हे. त्या घटनेविषयी आपण मनाशी जे बोलतो, त्याचा त्यात मोठा वाटा असतो. 'मुलाने अभ्यास करावा' ही इच्छा झाली. 'केलाच पाहिजे' म्हटले की तिचा हट्ट होतो, आणि हट्ट पुरा झाला नाही की संताप येतो. त्या 'च'कडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. घरात डॉक्टर असल्याने तिच्या पथ्याची सूत्रे माझ्याकडे होती. गोड नकोच, उपवास नाहीच, देवळात एकटीने जायचे नाहीच. सकाळची गोळी ती माझ्यासमोर घेई आणि मी निर्धास्त मनाने दवाखान्यात जाई.

एके दिवशी तिच्या कोपराजवळ काळानिळा डाग दिसला. आधी तिने विषय टाळला. बऱ्याच वेळाने कळले ते असे : संकष्टीला तिने माझ्या नकळत उपवास धरला होता. गोळी घेतली, पण दिवसभर बिनसाखरेच्या चहावाचून पोटात काही नव्हते. दुपारी घाम फुटला, हात थरथरले आणि न्हाणीघरात तोल गेला. रक्तातील साखर उतरल्याचीच ही लक्षणे. हाड मोडले नाही, हे नशीब.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तुले सांगतलं असतं तं तू माह्यं देवळात जानंही बंद केलं असतं, बाबू."

त्या रात्री मला झोप लागली नाही. रागावणाऱ्या बापापासून मुलगा प्रगतिपुस्तक लपवतो, तसे माझ्या आईने माझ्यापासून पडणे लपवले होते. माझी काळजी खरी होती, पण तिने तिच्यापुढे भीती उभी केली होती. आणि त्या भीतीपोटी डॉक्टरला सर्वांत आधी कळायला हवी ती गोष्ट शेवटी कळली. दुसऱ्या दिवशी मी ती व्याख्याने पुन्हा लावली. या वेळी मी विद्यार्थी होतो.

आता आमच्या घरी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आई सांगते, "उद्या उपास आहे." मधुमेहतज्ज्ञांशी बोलून तिची गोळी बदलून घेतली आहे. उपवासाच्या दिवसाचे औषध त्यांच्याच सल्ल्याने ठरते. दुपारी ती फळ आणि ताक घेते. देवळात जाताना शेजारच्या काकू सोबत असतात. मी गप्प बसायला शिकतो आहे. रोज जमतेच असे नाही.

काळजीवाहकांसाठी एवढेच : मधुमेही ज्येष्ठांना घाम, थरथर, चक्कर किंवा गोंधळलेपण जाणवल्यास साखर तपासावी. तपासणी लगेच शक्य नसेल आणि व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता तातडीने रुग्णालय गाठावे. ज्येष्ठांनीही गोळी मनाने बंद करू नये आणि उपवास किंवा पडणे लपवू नये. सेवा करता करता मन थकले, चिडचिड आवरेनाशी झाली, तर शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

आज रात्री घरातील वडीलधाऱ्यांजवळ पाच मिनिटे बसा. गोळी घेतली का, हे नंतर विचारा. आधी विचारा, "माझ्या धाकाने काही सांगायचे राहिले आहे का?" आणि उत्तर मिळाले, तर रागावू नका.