आधी प्रत, मग दुरुस्ती

सकाळपासून सर्व्हरवर एकही फाइल लिहिली जात नव्हती. प्रत्येक कमांडला एकच उत्तर: रीड-ओन्ली फाइल सिस्टिम. वापरणारे वैतागले, साहजिकच आहे. पण कर्नलच्या या हट्टाबद्दल मला आदरच वाटतो. तशी सेटिंग असेल, तर रचनेत विसंगती दिसताच एक्स्ट४ लिहिणंच थांबवतं. बिघाड पुढे पसरत नाही.

डीमेसेज पाहिलं. आय/ओ एरर, पुन्हा पुन्हा त्याच सेक्टरपाशी. म्हणजे दुखणं फाइल सिस्टिमचं नाही, खाली डिस्कच जायला आली आहे. स्मार्टसीटीएलनेही दुजोरा दिला. पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य नव्हता.

अशा वेळी हात आपसूक एफएससीकेकडे जातो. माझं मत ठाम आहे: मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवू नये, कारण दुरुस्ती करताना ते त्याच डिस्कवर लिहितं. (माउंट असलेल्या पार्टिशनवर तर कधीच नाही.) आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यायची. ते धड भाग आधी उचलतं, खराब जागा शेवटी ठेवतं, आणि मॅप फाइल दिलेली असेल तर मधेच थांबवलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. एफएससीके चालवलं ते त्या प्रतीवर.

लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये काही फाइली आल्या, नावं गेलेल्या, नुसते आयनोड क्रमांक घेऊन. नाव डिरेक्टरीत असतं, आयनोडमध्ये नसतं. म्हणून मजकूर शाबूत राहूनही नाव हरवतं. एकेक उघडून ओळखते आहे. पगारपत्रक मिळालं. बाकीचं रात्रीच्या बॅकअपमधून आणते.