मिनिकॉयची सुट्टी

चार बायका जमून लहानपणच्या सुट्ट्यांच्या गोष्टी निघाल्या, की कुणी आजोळच्या आंब्यांचं सांगतं, कुणी माथेरानच्या घोड्यांचं. मी "मिनिकॉय" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "हे कुठं आलं गं बाई?"

त्यांचं तरी काय चुकलं? नकाशात ते ठिपक्याएवढंही दिसत नाही. कोचीहून अरबी समुद्रात जवळजवळ चारशे किलोमीटर आत, लक्षद्वीप बेटांतलं अगदी दक्षिणेचं हे बेट. लांबीला दहा किलोमीटर असेल-नसेल, पण रुंदी एवढीशी, की मधोमध उभं राहिलं तर दोन्हीकडच्या लाटा ऐकू याव्यात. लक्षद्वीपच्या इतर बेटांपेक्षा त्याला मालदीव जवळ. तिथले लोक बोलतात ती महल भाषाही मालदीवचीच बहीण, आणि लिहितात उजवीकडून डावीकडे. आपल्या बेटाला ते मिनिकॉय म्हणतच नाहीत, मलिकू म्हणतात.

माझे वडील वेधशाळेत होते. १९७५ साली त्यांची तिथं बदली झाली. आम्ही दोघी बहिणी आणि आई साताऱ्याला, आजी-आजोबांच्या घरी राहिलो. अण्णांची मनीऑर्डर दर महिन्याला यायची ती आजोबांच्या नावानं, आणि आईला काही लागलं की ती आजीला सांगायची, आजी आजोबांना सांगायची. आमच्या वह्या असोत की आईची चप्पल, मार्ग हाच. छळ म्हणावं असं काहीच नव्हतं हो. घरोघरी तीच रीत होती.

१९७७ च्या उन्हाळ्यात मात्र आईनं हट्ट धरला, की पोरींना घेऊन जाणार. आजी म्हणाली, "समुद्रात कुठं निघालीस लेकींना घेऊन?" त्या बेटावर जायला परवाना लागायचा, अजूनही लागतो. तो येईपर्यंत आईची तयारी चालू होती. गोडा मसाला, मेतकूट, कुरडया, सांडगे, हरभऱ्याची डाळ, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी, तोंडाला तिपेडी फडकं बांधलेली. ती बरणी रेल्वेत आईच्या पायांशी, जहाजात उशाशी. आम्ही दोघी बोट लागून आडव्या पडलो होतो. आई आम्हांला आमसूल चोखायला द्यायची आणि एक हात बरणीवर ठेवायची.

जहाज तेव्हा बेटाला लागायचंच नाही, हे तिथं गेल्यावर कळलं. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाचा बांध आहे आणि आत उथळ, शांत पाणी. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहायचं आणि माणसं हलत्या शिडीवरून छोट्या होडीत उतरायची. आई पाचवारीचा पदर खोचून, डोळे मिटून उतरली. डोळे उघडले तेव्हा होडी त्या आतल्या पाण्यात आली होती. मोरपंखी पैठणी उन्हात धरावी तसं ते पाणी होतं. खालची वाळू, मासे, होडीची सावली, सगळं लख्ख. आई एवढंच म्हणाली, "अगंबाई!" अण्णा काठावर उभे होते, काळे कुळकुळीत झालेले. धाकटीनं त्यांना ओळखलंच नाही.

आता गृहिणींना सुचणारा पहिला प्रश्न, खायचं काय? भाजी जहाजातून यायची, तीही बहुतेक कांदे-बटाटेच. बाकी नारळ, केळी, पपई, शेवगा. नीरफणसाचे काप आईनं तिथं इतके केले की पुढं वर्षभर आम्ही ते नाव काढलं नाही. विहिरी अगदी उथळ. खाऱ्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो, म्हणून पोहरा हळूच सोडायचा आणि फार उपसायचं नाही. हे आईला शिकवलं शेजारच्या बाईंनी, खुणांनी. आम्ही त्यांना मावशी म्हणायला लागलो.

त्या बेटाचा सगळा संसार टूना माशावर. पुरुष आधी आतल्या पाण्यातून बारीक मासळी जिवंत धरतात, होडीतल्या पाण्यात ती जिवंतच ठेवतात आणि बाहेर समुद्रात ती टाकून मोठ्या माशांना भुलवतात. मग बांबूच्या गळानं एकेक मासा सपासप होडीत. तो उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करायचा, की झालं त्यांचं 'मास'. आम्ही शाकाहारी. पहिले चार दिवस आई नाकाला पदर लावूनच वावरली. मावशींच्या ते लक्षात आलं असावं. आमच्याकडे काही पाठवायचं असलं की त्या नुसतं नारळाचं आणि गुळाचं करायच्या, आणि वाटी द्यायच्या आधी स्वतः हुंगून बघायच्या. आईनं मग त्यांना मेतकूट-भात खायला घातला. त्यांनी दोनदा मागून घेतला.

आम्हां मुलींची मजा वेगळीच होती. पहाटे आणि संध्याकाळी अण्णांच्या कचेरीतून एक भला मोठा फुगा आकाशात सोडायचे, वरच्या हवेची मोजमापं घ्यायला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही वाळूत उताण्या पडून बघायचो. जुनं दीपगृह होतं, १८८५ सालचं. त्याचा झोत रात्री माडांवरून फिरायचा. हल्ली मे अखेरीस केरळात मान्सून आला की नाही ते ठरवायला चौदा ठिकाणांचा पाऊस बघतात, त्यांत मिनिकॉय आहे. टीव्हीवर ती बातमी लागली की मी घरातल्यांना गप्प करते.

मावशींचे यजमान व्यापारी जहाजावर खलाशी. तिथले बरेच पुरुष असेच, वर्षातले दहा-अकरा महिने दर्यावर. मावशींच्या घरात परदेशी चिनी मातीच्या बशा ओळीनं मांडलेल्या, मोठा झोपाळा, आणि सगळा कारभार त्यांच्या हाती. सुंभासाठी सोडणं पाण्यात कुजवायचं असो की गावाच्या कामाला चार बायका गोळा करायच्या असोत, त्या डोकीला रुमाल बांधून निघायच्या. गावाला पुरुषांचा जसा प्रमुख, तशी बायकांचीही एक प्रमुख असते तिथं.

एका संध्याकाळी आई त्यांच्या ओट्यावर बसली होती. मावशींचे मामा जुने खलाशी, कलकत्त्याच्या गोदीत हिंदी शिकलेले. ते दुभाषे. मावशींनी काहीतरी विचारलं. मामा म्हणाले, "पूछती है, तुम्हारा घर किसका है?"

"ससुरजी का," आई म्हणाली.

"और माँ का घर?"

"वो भाई का."

मावशींनी बोटं मोडत हिशेब केल्यासारखं केलं आणि पुन्हा विचारलं. मामांनाही जरा हसू आलं. "पूछती है, तो फिर तुम्हारा कौनसा?"

त्यांचं बरोबरच होतं. तिथं घर आईकडून लेकीकडे जातं, नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. चिडवायला नव्हतं विचारलं त्यांनी, खरंच कळलं नव्हतं. आई हसली, पण उत्तर दिलं नाही. मी दहा वर्षांची होते. आई इतका वेळ गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या रात्री अण्णा-आईचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. "आम्ही इथंच राहिलो तर?" आईनं विचारलं. अण्णांनी शाळेचं काढलं, पावसाळ्याचं काढलं. पाऊस सुरू झाला की समुद्र खवळतो, जहाजाचा भरवसा राहत नाही, लेकरू आजारी पडलं तर काय करणार? ते खोटं नव्हतं. मग बराच वेळ फक्त लाटा ऐकू येत होत्या. शेवटी आई म्हणाली, "बरं. पण मनीऑर्डर माझ्या नावानं करा."

मे महिन्याच्या मध्याला आम्ही परत निघालो. मावशी होडीपर्यंत आल्या. आईनं लोणच्याची रिकामी बरणी घासूनपुसून त्यांना दिली. त्यांनी आईला चिनी मातीची एक बशी दिली, कडेला निळी वेल असलेली. ती आज माझ्याकडे आहे.

जूनची मनीऑर्डर आईच्या नावानं आली. पोस्टमननं तसं म्हटलं तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. सही करायला आई पुढं झाली, तिचा हात थरथरत होता. त्यानंतर तीन आठवडे आजोबांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. आजी स्वैपाकघरात भांडी आपटायची, "मोठी कमावती आलीय" म्हणायची. आई रोजचा खर्च वहीत लिहून ती वही आजोबांच्या बैठकीवर ठेवायची. ते उघडायचे नाहीत. गौरीच्या सुमारास एकदा उघडली, आणि वाण्याच्या हिशेबातली एक चूक पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवली.

दिवाळीच्या आधी आजीनं आईला माजघरात बोलावलं, दार लोटून घेतलं. तिला तिच्या धाकट्या बहिणीला लुगडं पाठवायचं होतं, गुपचूप. आजोबांना विचारायची सोय नव्हती. आईनं डब्यातून पैसे काढून दिले, आणि वहीत त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. पुढं पुढं महिन्याचा पहिला आठवडा आला की आजी दुपारची झोप मोडून ओटीवर येऊन बसायची आणि पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की आत हाक मारायची, "अगं, ये लवकर, तुझं आलंय!"