तिसऱ्या छिद्रातला ऋषभ

दहा छिद्रांच्या साध्या माउथऑर्गनमध्ये खालच्या सप्तकातले दोन स्वर मुळातच नसतात. 'रिश्टर' या नावाने ओळखली जाणारी त्याची प्रचलित स्वररचना संवादासाठी आखलेली आहे. फुंकर मारली की सगळ्या छिद्रांतून एकच मेळ उमटावा आणि श्वास आत ओढला की दुसरा, म्हणजे लोकधुनेला आपोआप साथ मिळते; या सोयीसाठी ते दोन स्वर वगळले गेले. 'सी' पट्टीच्या वाद्यात ते आहेत 'एफ' आणि 'ए'.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ही योजना उलटी करून टाकली. वाद्य 'सी'चे घ्यायचे, पण षड्ज मानायचा 'जी'ला. मग दुसऱ्या छिद्राची ओढ हा सा होतो, तिसऱ्याची गंधार, चौथ्याची पंचम आणि पाचव्याची कोमल निषाद. ब्लूजला हवा तो मेळ एका श्वासात हाती येतो. शिवाय ओढीचे स्वर खाली वाकवता येतात. एका कप्प्यात फुंकरीची आणि ओढीची अशा दोन रीड असतात. जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी बदलली की ओढीचा स्वर फुंकरीच्या स्वराच्या अर्ध्या सुराने वरपर्यंत उतरवता येतो. तिसऱ्या छिद्रात ओढीला गंधार आणि फुंकरीला षड्ज. म्हणून त्या दोहोंच्या मधल्या जागेत कोमल गंधार, ऋषभ आणि कोमल ऋषभ असे तीन स्वर दडलेले असतात, आणि ते फक्त कानाच्या भरवशावर काढायचे असतात. मींड येत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून १९४० साली ज्या हार्मोनियमवर ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली, त्याच मुक्त रीडच्या कुळातले हे वाद्य आहे. पेटीत दोन रीड अशा एकमेकींच्या श्वासात गुंतलेल्या नसतात, एवढाच फरक. तो फरक केवढा मोठा आहे हे १९५२ सालचे लिटल वॉल्टरचे 'ज्यूक' ऐकताना कळते.

तिसऱ्या छिद्रातला हा ऋषभ मात्र फार छळतो. जरा जास्त ओढले की तो कोमल होतो, जरा कमी पडले की गंधाराकडे सरकतो. यावर एक तयार उपाय आहे. ब्रेंडन पॉवर या वादकाने आयरिश धुनांसाठी रूढ केलेल्या 'पॅडी रिश्टर' रचनेत तिसऱ्या छिद्राची फुंकर एका पूर्ण सुराने चढवतात, म्हणजे ऋषभ आयता मिळतो. ली ऑस्करच्या 'मेलडी मेकर'मध्ये याबरोबरच पाचव्या छिद्राची ओढही अर्ध्या सुराने चढवलेली असते. त्यामुळे निषाद शुद्ध होतो आणि ब्लूजचा प्राणच जातो. तेव्हा माझ्यापुरता तो पर्याय लगेच बाद झाला. पॅडी रिश्टरचा विचार मात्र मी बरेच महिने केला. भावगीताची चाल त्यावर विनासायास वाजते, हे खरे आहे.

पण बारा मात्राखंडांच्या ब्लूजमध्ये पाचव्या खंडाला मध्यमाचा मेळ येतो: मध्यम, धैवत, षड्ज. रिश्टर रचनेत पहिल्या तीन छिद्रांत फुंकर मारली की तो मेळ पुरा उभा राहतो. तिथल्या षड्जाचा ऋषभ केला, की त्या जागी काहीतरी भलतेच, अर्धवट उदास वाजते. दुसरे असे, की फुंकरीचा स्वर वर सरकला म्हणून ओढीची घसरगुंडीही आखूड होते. गंधारावरून कोमल गंधारापर्यंत जाता येते, आणि तिथे तळ लागतो. गंधारावरून ऋषभापर्यंत एका श्वासात, वाटेतल्या प्रत्येक कणाला स्पर्श करीत उतरणे संपते. लघु-गुरूच्या खुणा करून दिलेली कविता विद्यार्थी बिनचूक म्हणतात. यती कुठे आहे हे त्यांच्या श्वासाला कळलेले असतेच असे नाही. पॅडी रिश्टरवर मी वाजवलेला ब्लूज मला तसा ऐकू येऊ लागला.

अखेर मी निवडलेल्या बदलात एकाही स्वराचे नाव बदलत नाही. होनरच्या जुन्या 'मरीन बँड'मध्ये पाचव्या छिद्राची ओढ नैसर्गिक सप्तमाला, म्हणजे षड्जाशी ७:४ या प्रमाणात लावलेली असे. समविभाजित सप्तकातल्या कोमल निषादापेक्षा तो स्वर सुमारे ३१ सेंट खाली असतो. शंभर सेंटचा अर्धा सूर धरला, तर जवळजवळ त्याचा एक तृतीयांश. पुढे ही लावणी सौम्य करण्यात आली. मी रीडखाली पातळ पत्रा सरकवला आणि तिच्या रिव्हेटकडच्या अंगाला थोडे थोडे खरवडत स्वर उतरवला (टोक घासले तर तो चढतो, पेटी दुरुस्त करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही). नवव्या छिद्राची ओढ हाच स्वर वरच्या सप्तकात देते, म्हणून तीही तेवढीच उतरवली. एकदम पूर्ण ३१ पर्यंत गेलो नाही. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची छिद्रे एकत्र ओढताना ऐकू येणारी कुरकुर थांबली, तिथे मीही थांबलो.

ऋषभ होता तिथेच आहे. रोज पंधरा मिनिटे तो शोधण्यात जातात, आणि पाचातून तीन वेळा तो सापडतो. नवी अडचण वेगळीच आहे. त्याच वाद्यावर 'डी'ला षड्ज मानले, तर पाचव्या छिद्रातला हा स्वर कोमल गंधार ठरतो आणि एकटा वाजवताना उघडच उतरलेला ऐकू येतो. त्या गतींसाठी 'सी'चा दुसरा, अजिबात न खरवडलेला माउथऑर्गन मी वेगळ्या खिशात ठेवतो.