पंखा कधी गरजतो ते ऐक

नाशिक, १२ मे

चि. बाळास,


पंख्याच्या क्लचचे पैसे अजून कुणाला देऊ नकोस. फोनवर तू सांगितलंस की तू घेतलेल्या जुन्या पिकअपचा पंखा इतका गरजतो की केबिनमध्ये शेजारच्याशी बोलता येत नाही. एक मेकॅनिक म्हणतो क्लच बदल, दुसरा म्हणतो रेडिएटर उतरव. दोघांचंही खरं निघू शकेल. पण आवाज नेमका कधी येतो, हे दोघांपैकी कुणीच तुला विचारलं नाही. आयटीआयमध्ये मी मुलांना पहिल्याच वर्षी हा प्रश्न विचारायला लावते. हा पंखा जोरात फिरला की आवाज करणारच. गरज नसताना तो जोरात फिरतोय का, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पंखा आणि वॉटर पंपाचा शाफ्ट यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा चपटा डबा दिसतो, तो व्हिस्कस क्लच. त्यात काकवीसारखं दाट सिलिकॉन तेल असतं. डब्याच्या तोंडाशी दोन धातूंच्या पट्टीची एक गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा साधारण ७० ते ८० अंशांपर्यंत तापली की ती गुंडाळी पीळ खाते, आतली झडप उघडते, तेल चकतीच्या खाचांत शिरतं आणि पंखा शाफ्टच्या जवळपास वेगाने फिरू लागतो. हवा निवली की झडप मिटते, तेल मागच्या खणात जातं आणि पंखा शाफ्टच्या जेमतेम पाव वेगाने फिरत राहतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला आठपट ताकद लागते. ही ताकद तुझ्या डिझेलमधून जाते, म्हणून गरज नसताना गरजणारा पंखा नुसत्या कानांचं नुकसान करत नाही.

आता तुझ्या रस्त्याचा उपयोग करून घेऊ. तू नारायणगावहून टोमॅटो भरून ओतूरमार्गे माळशेज उतरतोस आणि रिकामी गाडी घेऊन घाट चढतोस. एवढी चांगली परीक्षा वर्कशॉपमध्येही घेता येत नाही. भरल्या गाडीने खालच्या गिअरमध्ये उतरताना आरपीएम चढलेले असतात, पण ॲक्सिलरेटरवर पाय नसतो. डिझेल जवळजवळ जळतच नाही, इंजिन निवत जातं. उतार लागल्यावर पहिली काही मिनिटं सोडून दे, क्लच सुटायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतरही आरपीएमबरोबर आवाज चढत-उतरत राहिला, तर पंखा उष्णतेचं ऐकत नाही, तो शाफ्टला जखडलेला आहे. उलट टोकावड्याहून वर चढताना, भर दुपारी एसी चालू असताना, किंवा कल्याणच्या गर्दीत गाडी रांगत असताना तो थोडा वेळ गरजला आणि मग आपणहून शांत झाला, तर क्लच आपलं काम चोख करतोय. सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं आवाज आला, तर तेही सोडून दे. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाचांत उतरून बसलेलं असतं. ते मागे गेलं की पंखा निवांत होतो.

घाटातच हे कळलं नाही, तर सकाळी इंजिन गार असताना, किल्ली खिशात घालून, पंखा हाताने फिरव. थोडा अडून एखाद्या फेऱ्यात थांबला तर ठीक. हाताला दाद देत नसेल, बेल्टसकट ओढल्यासारखं वाटत असेल, तर क्लच धरून बसलाय. भिंगरीसारखा फिरत राहिला तर तेल गळून गेलंय. मग गाडी तापेल, पण आवाज होणार नाही, म्हणजे तुझी तक्रार वेगळी निघेल. पात्याचं टोक धरून मागेपुढे हलवून बघ. खेळ जाणवला, तर क्लचचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय, आणि त्याचा आवाज सूं-सूं नसतो, घरघर असते. पंख्याभोवतीच्या श्राउडला पाती घासत असतील, तर प्लॅस्टिकवर गोल ओरखडा दिसेल.

आणि टॉर्च घेऊन क्लचची कड नीट बघ. तू म्हणतोस की गाडी घेतल्या दिवसापासून आवाज आहे. आधीच्या मालकाचा क्लच कधीतरी घसरू लागला असेल, गाडी तापली असेल आणि त्याने फॅन 'डायरेक्ट' करून घेतला असेल. क्लचला वेल्डिंगचे टाके मारायचे किंवा आरपार बोल्ट ठोकायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मला या उपायाचा मनापासून राग आहे. गाडी त्या दिवशी निभावते, पण पुढे पंपाच्या बेअरिंगवर, बेल्टवर आणि पात्यांच्या मुळांवर रोजचा ताण येतो. तडा गेलेलं पातं सुटलं तर रेडिएटर फाडतं, बॉनेट उघडं असेल तर माणसालाही सोडत नाही. म्हणून इंजिन चालू असताना पंख्याच्या रेषेत उभा राहू नकोस, आणि गळ्यातलं उपरणं आधी काढून ठेव.

दुसरा मेकॅनिक म्हणतो त्या रेडिएटरकडे मात्र खरंच लक्ष दे. जाळी बुजलेली असेल तर हवा कमी जाते आणि जाते तेवढी फार तापते, मग गुंडाळी बिचारी सतत झडप उघडी ठेवते. अशा वेळी क्लच नवा घातलास तरी तोही गरजणार. शेताच्या कच्च्या रस्त्यांवर धूळ, कुसळं, किडे हे सगळं एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, समोरून काहीच दिसत नाही. एका बाजूने टॉर्च धर आणि दुसऱ्या बाजूने उजेड येतो का बघ. धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळीच्या पाण्याने धू. वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या फवाऱ्याने पातळ पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद होते. आतून बुजण्याचं कारण बहुधा बोअरचं पाणी असतं. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो. गाडी गरम असताना रेडिएटरचा काही भाग गारच राहत असेल, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तेव्हा रेडिएटर उतरवून साफ करून घे, आणि पुढे कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाल. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. थर्मोस्टॅट काढून टाकू का, असं कुणी विचारलं तर नको म्हण.

क्लचच दोषी निघाला तर अख्खा बदल, त्यात दुरुस्तीसारखं काही नाही. तुझ्या गाडीच्या मॉडेलचाच घे. दुकानातून आणताना आणि घरी ठेवताना गाडीत बसतो तसा उभा ठेव, आडवा पडला तर तेल गळू शकतं. काढण्याआधी पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकव, पाना निसटला तरी जाळीला धक्का लागणार नाही. मोठा नट असेल तर जोर लावण्याआधी आटे सुलटे की उलटे ते बघ, बऱ्याच गाड्यांत ते उलटे असतात. चार बोल्ट असतील तर काम सोपं. श्राउड परत बसवायचा कंटाळा करू नकोस, त्याच्याशिवाय पंखा तीच तापलेली हवा घुसळत राहतो.

सगळं बसल्यावर इंजिन चालू ठेवून रेडिएटरसमोर पुठ्ठा धर आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेव. काटा थोडा वर सरकला की पंखा गरजेल. लगेच पुठ्ठा काढ. थोड्या वेळात आवाज उतरला, तर काम नीट झालं. काटा लाल पट्ट्याकडे जाऊ लागला आणि तरीही पंखा गप्प राहिला, तर इंजिन बंद कर आणि मला फोन कर.

हे सगळं मी तुझ्या डिझेलपेक्षा तुझ्या कानांसाठी लिहितेय. रात्रभर त्या गोंगाटात बसलेल्या ड्रायव्हरला घासणारा ब्रेक ऐकू येत नाही, ओरडणारा बेल्ट ऐकू येत नाही. पुढे वय झाल्यावर घरातलं माणूस काय बोलतं तेही त्याला नीट ऐकू येत नाही. तुझं वय अजून लहान आहे.

क्लच बदललास तर जुना भंगारात देऊ नकोस. पुढच्या खेपेला येताना घेऊन ये. मुलांना तो कापून आतल्या खाचा दाखवायच्या आहेत.

तुझी,
आत्या