एका गाण्यासाठी नेरूळला

मैत्रिणींनो, लग्नानंतर केलेले प्रवास कधी मोजून पाहिलेत? माहेरची वास्तुशांत, दिराचं लग्न, जावेचं बाळंतपण, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलांच्या सुटीत कोकण नाहीतर महाबळेश्वर. दरवेळी पिशव्या भरलेल्या, डबा घेतलेला आणि निघायचं ते कुणाच्या तरी कामासाठी. नुसतं मला जावंसं वाटलं म्हणून गेले, असा प्रवास किती जणींच्या यादीत सापडेल? माझ्या यादीत पंधरा वर्षांत एकही नव्हता. २०२५च्या जानेवारीत एक जमा झाला, त्याचीच ही हकिगत.

मी गेले होते ‘कोल्डप्ले’ या इंग्लंडमधल्या बँडचा कार्यक्रम ऐकायला. आपल्याकडे बँड म्हटलं की वरातीतला बँड डोळ्यांपुढे येतो. हा तसा नव्हे हो! हे चौघे मित्र लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकताना एकत्र आले. ख्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो, जॉनी बकलंड गिटारवर, गाय बेरीमन बेस गिटारवर आणि विल चॅम्पियन ड्रमवर. त्यांचा पहिला अल्बम २००० साली आला आणि त्यातल्या ‘यलो’ या गाण्यानं त्यांचं नाव जगभर झालं. इतक्या वर्षांनंतरही चौघं तेच आहेत. एकत्र कुटुंब सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं अवघडपण वेगळं सांगायला नको!

माझी नि त्यांची ओळख २००६ सालची. मी कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून बी.ए. करत होते, इंग्रजी विषय घेऊन. खोलीतल्या मैत्रिणीकडे त्यांची सीडी होती. त्यात ‘फिक्स यू’ नावाचं एक गाणं होतं. सुरुवात अगदी हळू, देवघरात कुणी पेटी छेडावी तशी, आणि मग शेवटी सगळी वाद्यं एकदम उसळून येतात. माझे वडील, नाना, एकदा मला भेटायला आले तेव्हा मी ते त्यांना ऐकवलं. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “शब्द नाही कळले बाळ, पण माणूस मनापासून गातोय.”

नाना २००९च्या दिवाळीनंतर गेले. माझं लग्न ठरत आलेलं होतं. आपल्याकडची रीत तुम्हांला माहीत आहे, वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. आईनं मन घट्ट केलं आणि वर्षाच्या आत मला उजवलं. शालू, मेंदी, रुखवत, मग नवं घर, नवी माणसं. नव्या सुनेनं रडत बसायचं नसतं, आणि मी बसलेही नाही. पुढे कधीतरी वाचनात आलं की, ख्रिस मार्टिननं ‘फिक्स यू’ हे गाणं आपल्या त्या वेळच्या पत्नीसाठी, तिचे वडील गेल्यानंतरच्या दुःखात तिला धीर द्यावा म्हणून केलं होतं. वाचलं तेव्हा मी भाजी निवडत होते. मेथीची जुडी तशीच हातात राहिली.

हा बँड भारतात २०१६च्या नोव्हेंबरात मुंबईला येऊन गेला होता. तेव्हा माझी धाकटी मुलगी अंगावर पिणारी, त्यामुळे प्रश्नच नव्हता. २०२४च्या सप्टेंबरात बातमी आली की, जानेवारीत नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर ते पुन्हा गाणार. आधी १८ आणि १९ तारीख जाहीर झाली. गर्दी इतकी उसळली की, मागाहून २१ तारीख वाढवावी लागली. तिकिटं सगळी मोबाइलवर. दर अडीच हजारांपासून थेट पस्तीस हजारांपर्यंत. बेलापूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या नणंदेनं त्या दिवशी रांगेत नंबर लावून ठेवला. “वहिनी, तिसऱ्या दिवसाची दोन मिळताहेत, वरच्या सज्जातली. घेऊ का? लवकर सांगा!” मी ‘घे’ म्हटलं. शिकवणीचे पैसे मी वेगळे ठेवत असे, त्यातनंच तिला पाठवले.

आता घरात सांगायचं होतं. ह्यांचं काही नव्हतं. “दोन दिवस वरण-भात मी बघतो, पण आईला तूच सांग,” म्हणाले. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सासूबाईंजवळ विषय काढला. त्यांनी आधी विचारलं, “या वयात?” मग विचारलं, “तिकडे बसून ऐकायचं असतं की उभं राहून?” मी म्हटलं, “खुर्ची आहे हो आई, पण सगळे उभेच राहतात म्हणे.” बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी नवी नवरी असताना गावात नाटक कंपनी आली होती. संगीत नाटक. पदं घरापर्यंत ऐकू यायची. मी भाकऱ्या थापत ऐकली. बघायचं राहिलं ते राहिलंच. तू जाऊन ये.”

एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्या कधी बोलल्या नव्हत्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू रविवारी १९ तारखेला उरकलं. सोमवारी सकाळी कराडहून एस.टी. धरली. २०२३च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे प्रवास खिशाला जड गेला नाही. मांडीवर मूल नाही, डब्याची पिशवी नाही. खंबाटकीचा घाट मी पहिल्यांदाच खिडकीतून नीट पाहिला म्हणा ना!

मंगळवारी दुपारी नणंदेबरोबर बेलापूरहून लोकलनं निघालो. मधे सीवूड्स, की पुढे लगेच नेरूळ. हे स्टेडियम शीव-पनवेल महामार्गाला लागूनच आहे. २००८ची पहिली आय.पी.एल. स्पर्धा संपली ती याच मैदानावर. आणि तुमच्या-माझ्या अभिमानाची गोष्ट म्हणजे, आपल्या मुलींनी २ नोव्हेंबर २०२५ला विश्वचषक जिंकला तोही इथेच! मी गेले तेव्हा हे व्हायचं होतं, पण टी.व्ही.वर ते मैदान दिसलं तेव्हा ‘मी इथे बसले होते गं’ असं मुलींना दहादा सांगून झालं.

आत शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधायला देतात. त्यात बारीक दिवे असतात आणि ते बिनतारी संदेशानं एकाच वेळी लागतात, विझतात, रंग बदलतात. पट्टे वनस्पतिजन्य पदार्थांपासून केलेले, आणि कार्यक्रम संपल्यावर परत करायचे, म्हणजे पुढच्या गावी तेच पुन्हा वापरता येतात. या मंडळींनी आपल्या दौऱ्याचं प्रदूषण कमी करायचं मनावर घेतलंय. नाचणाऱ्यांच्या पावलांनी वीज तयार करणारी फरशी आणि पायडल मारून वीज देणाऱ्या सायकली ते बरोबर घेऊन फिरतात. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या आपल्या जातीला हे लगेच पटतं!

आधी जसलीन रॉयल या आपल्याकडच्या गायिकेचं गाणं झालं. अंधार पडल्यावर हे चौघे आले, आणि पन्नास हजारांवर मनगटं एकदम उजळली. काय सांगू! कार्तिकी पौर्णिमेला घाटावर दिवे लागावेत तसं, पण चहूबाजूंनी आणि डोक्याच्या वरपर्यंत. मोठमोठे रंगीत फुगे गर्दीवरून टोलवले जात होते. आमच्या शेजारी कॉलेजातली पोरं होती. मला म्हणाली, “काकू, तुम्हांला सगळी गाणी पाठ आहेत?” म्हटलं, “तुम्ही बालवाडीत होतात तेव्हापासून!”

‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ या गाण्यात ख्रिस मार्टिन मधेच थांबतो आणि विनवतो की, हे एक गाणं फोन खिशात ठेवून ऐका. सगळ्या मैदानानं फोन ठेवले. घरीदारी मुलांना हेच सांगून घसा कोरडा झालेल्या आया शेजारीपाजारी होत्याच. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

आणि शेवटाकडे ‘फिक्स यू’ आलं. तीच हळू सुरुवात. मला नानांचे मिटलेले डोळे दिसले. आजूबाजूला हजारो माणसं तेच गाणं म्हणत होती, आणि मी म्हणू शकत नव्हते. पंधरा वर्षांत रडायचं राहून गेलं होतं, ते तिथे झालं. नणंदेनं काही विचारलं नाही. नुसता माझा हात धरून उभी राहिली. वाद्यं उसळली, सगळं मैदान उजळलं, आणि मला फार हलकं वाटलं. घरातल्या न्हाणीघरात, नळ सोडून रडलेलं आणि हे, यात फरक आहे बायांनो.

बुधवारी रात्री घरी परत. २६ जानेवारीला अहमदाबादचा त्यांचा कार्यक्रम मोबाइलवर आणि टी.व्ही.वर थेट दाखवला, तो सगळ्यांनी मिळून पाहिला. प्रजासत्ताक दिन म्हणून ख्रिस मार्टिननं ‘वंदे मातरम्’ म्हटलं, तेव्हा सासूबाई सरसावून बसल्या. “उच्चार राहू देत, पण मनापासून म्हणतोय हो,” म्हणाल्या. नानांचं वाक्य त्यांना मी कधीच सांगितलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला असं जायचं असेल, मग ते गझल असो, नाट्यसंगीत असो की कोल्डप्ले, तर चार गोष्टी सांगते. तिकीट अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. चढ्या भावानं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मोठी पिशवी नि पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, तेव्हा छोटी पर्स आणि ओळखपत्र पुरे. साडी नेसलीत तरी पायांत बूट घाला, चालणं फार होतं. आवाज मोठा असतो, कानांत घालायला इअरप्लग ठेवा. परतीचा मार्ग आणि मुक्काम आधी ठरवा, आणि कार्यक्रम संपल्यावर दरवाजाशी रेटारेटी न करता दहा मिनिटं जागेवर बसून राहा. घरी मात्र ‘जाऊ का?’ असं विचारू नका. तारीख सांगा, आणि दोन दिवसांची व्यवस्था काय केलीत ते सांगा.

एप्रिलमध्ये सांगलीला संगीत नाटकाचा प्रयोग लागला. मी दोन तिकिटं काढली, पुढच्या रांगेतली. सासूबाई आदल्या दिवसापासून इरकली काढून बसल्या होत्या.