भूल कोण देणार, हे विचारलंत का?



मागच्या महिन्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हर्नियाचं ऑपरेशन होतं. सर्जन कोण, खर्च किती, रूम कुठली, सगळं विचारून झालं. भूल कोण देणार, हे मात्र विचारलं नाही. लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा मी, आणि घरच्याच वेळी हा प्रश्न सुचला नाही!

सकाळी नऊची वेळ. भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, अण्णांजवळ बसल्या.
"आजोबा, सकाळपासून काही खाल्लं?"
"नाही."
"चहासुद्धा नाही?"
अण्णा गप्प. आईनं मान खाली घातली. बीपीची गोळी उपाशीपोटी कशी द्यायची, म्हणून तिनं सहा वाजता दूध-पोळी दिली होती.

ऑपरेशन पुढं ढकललं. मी चिडलो, हुज्जत घातली. मॅडमनी शांतपणे समजावलं. पूर्ण भूल दिली की माणसाला गिळता-खोकता येत नाही. पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात जातं. जिवावर बेतू शकतं. कमरेत सुई देऊन भूल द्यायची असली तरी पोट रिकामंच लागतं, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. गोळी कुठली घ्यायची, तेही त्यांनाच विचारायचं. घोटभर पाण्याबरोबर चालली असती.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एक तपासयादी आणली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंटला बाहेर नेण्याआधी थांबून तपासायचं. नाव बरोबर आहे का, अ‍ॅलर्जी आहे का, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर चालतोय का. इतकं साधं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

म्हणून तीन गोष्टी करा. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी भेटा. औषधं, अ‍ॅलर्जी, तंबाखू, दारू, काही लपवू नका. आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ते जवळ थांबणार का, हे स्पष्ट विचारा. आपल्यासारख्या गावात एकाच भूलतज्ज्ञाला दोन-तीन दवाखाने सांभाळावे लागतात, म्हणून तर विचारायचं.

चार दिवसांनी ऑपरेशन नीट झालं. मॅडमची मी माफी मागितली. त्या दिवशी त्यांनी "चहासुद्धा नाही?" असं दुसऱ्यांदा विचारलं नसतं, तर?