राजमुद्रेच्या थाळ्या

प्रत्येक संग्राहकास केव्हां ना केव्हां आपल्या नादाचा जबाब द्यावा लागतो. तिकिटें किंवा नाणीं जमविणारा त्यांतून लवकर सुटतो. पण स्वीडनच्या राजघराण्यांतील समारंभांप्रीत्यर्थ काढलेल्या चिनी मातीच्या थाळ्या आम्ही जमवितों, असें म्हटलें कीं ऐकणाराच्या भुंवया वर चढतात. प्रजासत्ताकाच्या नागरिकानें परक्या राजांचे मुखवटे भिंतीवर कां मिरवावे? प्रश्न रास्त आहे, व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

नोकरीच्या निमित्तानें आमचें कांहीं वर्षें स्टॉकहोम येथें वास्तव्य झालें. तेथील जुन्या बाजारांत या थाळ्या पेल्यांच्या व दिव्यांच्या गर्दींत टेकवून ठेवलेल्या असतात. थाळी प्रथम उलटी करून पाहावी, ही त्या बाजारांतील पहिली शिकवण. मागें जहाजाचा नांगर असला तर ती बहुधा १८२५ सालीं निघालेल्या गुस्ताव्सबर्ग कारखान्याची. तीन मुकुट असले तर बहुधा १७२६ सालच्या रॉरस्ट्रांडची.

चित्र उठविण्याची जुनी रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें चित्र पातळ कागदावर घेऊन तो कागद भांड्यावर दाबावयाचा, वर झिलई चढवावयाची, आणि भांडें पुन्हां भट्टींत घालावयाचें. चित्र झिलईखालीं कायमचें कोंडलें जातें. सोनेरी कड मात्र झिलईच्या वर असल्यानें घासतां घासतां झिजते. जाणते संग्राहक अभंग कडेस अधिक दाम देतात. आम्हांस झिजलेली प्रिय. अभंग थाळी भिंतीवर राहिली. झिजलेल्या थाळींत कोणी तरी जेवलें, कोणी तरी ती धुतली.

आमच्याकडील सर्वांत जुनी थाळी १८९७ सालची, दुसऱ्या ऑस्कर राजाच्या कारकीर्दीस २५ वर्षें झालीं तेव्हांची आहे. स्वीडन व नॉर्वे हीं दोन्ही सिंहासनें त्या वेळीं त्याचीं होतीं, आणि त्याचें ब्रीद होतें 'भ्रातृराष्ट्रांचें हित'. १९०५ सालीं नॉर्वे विभक्त झालें. युद्धावांचून भावांची वाटणी झाली, आणि राजानें आपलें ब्रीद 'स्वीडनचें हित' असें करून घेतलें. ब्रीद बदलतां आलें. भाजलेली थाळी बदलतां आली नाहीं. तिच्यावरचा राजा अद्यापि दोन्ही देशांचा धनी आहे, व आपल्यापुढें काय वाढून ठेवलें आहे याची त्यास वार्ताही नाहीं.

तिच्या शेजारची थाळी १९ जून १९७६ रोजीं झालेल्या, सोळावा कार्ल गुस्ताफ व सिल्विया यांच्या विवाहाची. १ जानेवारी १९७५ पासून तेथें नवी राज्यघटना अंमलांत आली होती, व पंतप्रधान नेमण्याचाही अधिकार राजाकडे उरला नव्हता. तरी लोकांनीं त्याच्या लग्नाची थाळी विकत घेतली. ही खरेदी भयानें झाली नाहीं, कीं लाभाच्या आशेनेंही नाहीं. ज्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं त्याच्या मंगलकार्याचा आनंद लोकांनीं आपखुषीनें मानला.

आमचें उत्तर या दोन थाळ्यांच्या मधल्या वीतभर जागेंत आहे. राजास सिंहासनावरून खालीं ओढण्याचे मार्ग इतिहासानें पुष्कळ दाखविले आहेत, आणि त्यांतले बरेच रक्तानें माखलेले आहेत. या लोकांनीं आपल्या राजास हळूहळू, मोडतोड न करितां, फडताळांत आणून बसविलें. आम्ही जमवितों तें राजाचें वैभव नव्हे. त्याला फडताळांत जागा देणाऱ्या अनामिक घरांचा समंजसपणा जमवितों.

आतां त्या घरांतील वृद्ध मंडळी जात आहेत, आणि थाळ्या खोक्यांतून बाजारांत येत आहेत. म्हणून पुण्यास परतल्यावर, विवाहाची थाळी फराळास काढूं नये असा आग्रह आम्हीं घरांत धरला नाहीं. तिच्यांत चकल्या शोभतात. सोनेरी कड अर्धी तिकडच्या कोणा गृहिणीच्या हातून गेली आहे. उरलेली आमच्या घरीं झिजो.